नव्या अल्बममधलं एक गाणं

“आता आमच्या नव्या अल्बममधलं एक गाणं,” असं गायक डुवेन माइकमध्ये म्हणाला आणि समोरचे लोक भराभर उठायला लागले.

नवा म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचा. त्यानंतर ‘कॉपर मूस’ या त्यांच्या बँडला अल्बम काढा असं कुणी म्हटलंच नव्हतं. विस्कॉन्सिनच्या जत्रेत लोक यायचे ते ‘पेटव गाडी’ ऐकायला. मुठी नाचवत ओरडायचं, तळलेलं चीज खायचं, घरी जायचं. त्यात मध्येच हे काय रडगाणं?

रडगाणं लाइलचं होतं. लाइल म्हणजे बेस गिटार वाजवणारा. तब्येतीने बारीक, स्वभावाने अबोल, आणि बेसवाला असल्यामुळे पन्नास वर्षं स्टेजवर उभं राहूनही कुणाच्या लक्षात न राहिलेला. बापाची नजर गेली तेव्हा लाइलनेच त्याच्याकडून गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. म्हातारा त्यानंतर रोज गॅरेजमध्ये जाऊन बंद गाडीत स्टीअरिंग धरून बसायचा. त्यावर हे गाणं. अख्खा अल्बमच असल्या गोष्टींचा. पेपरवाल्यांनी लिहिलं, ‘मूस दमला’, आणि विषय संपला.

गाण्यात फक्त डुवेन आणि त्याची गिटार. तेवढा वेळ लाइल पडद्याआड उभा राहून लोकांच्या पाठी बघायचा. बायका बसून राहायच्या, पुरुष चालू पडायचे. आज कार्यक्रमाआधी त्याने डुवेनला सांगून टाकलं होतं, “आजचं शेवटचं. उद्यापासून त्या जागी ड्रमवाल्याला वाजवू दे.”

“अरे, चांगलं गाणं आहे ते.”

“चांगलं? लोकांना मुतायला पाठवणारं गाणं लिहिलंय मी. पुरे झाली शोभा.”

डुवेन गिटारच्या तारा जुळवायला लागला. त्यालाही दर वेळी पाठीच दिसायच्या.

आज मात्र लाइललाच लागली. एरवी तो दम काढायचा, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी दम तरी किती काढणार? स्टेजमागचा संडास तुंबलेला. मग काय, टोपी डोक्यावर ओढून तो शेजारच्या सार्वजनिक मुतारीत शिरला. आत ही भली मोठी रांग. सगळे त्याच्याच वयाचे, पोट सुटलेले, टोप्या घातलेले. लाइल शेवटी उभा राहिला. या पायावरून त्या पायावर झाला. रांग ढिम्म हलेना.

“अहो, सरका की जरा पुढे.”

“श्श!” पुढचा म्हणाला. त्याच्या टोपीवर कुठल्याशा बियाण्याच्या कंपनीचं नाव होतं.

लाइलने वाकून बघितलं. सगळ्या जागा रिकाम्या! एकही माणूस पुढे जात नव्हता.

“अहो, रिकाम्याच आहेत की!”

“मग जा ना, तुम्हाला अडवलंय कुणी? आम्ही ऐकायला आलोय.”

वर भिंतीला कर्णा लावलेला होता. कार्यक्रम चुकू नये म्हणून जत्रेवाल्यांनी केलेली सोय. त्यातून डुवेनचा आवाज येत होता. म्हातारा गॅरेजमध्ये जाऊन बसतो, तिथवर गाणं आलं होतं. कुणी खोकेना. नळ टपकत होता, तो एकाने हात पुढे करून घट्ट बंद केला.

लाइल आपलं कामच विसरला.

“बाहेर नाही का ऐकता येत?” त्याने हळूच विचारलं.

“बाहेर बायको असते,” बियाण्याच्या टोपीवाल्याने रुमालाने डोळे पुसले. “रानगवताची ॲलर्जी आहे मला. ऑगस्टमध्ये होतं असं.”

“आम्हालाही आहे,” पलीकडचा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“माझ्या बायकोला वाटतं माझं प्रोस्टेट बिघडलंय. दर वर्षी बरोबर याच गाण्याला उठतो ना! परवा तिने डॉक्टरांची वेळ घेतली,” टोपीवाला कुजबुजला.

“मग?”

“मग काय, तपासून आलो. सांगणार काय तिला?”

लाइलला हसू आलं.

“कुणी लिहिलंय कोण जाणे,” टोपीवाला म्हणाला, “पण ज्याने लिहिलंय त्याने बापाच्या किल्ल्या काढून घेतल्यात. त्याशिवाय असं सुचायचं नाही.”

“घेतल्यात,” लाइल म्हणाला.

“मीही घेतल्या होत्या.” टोपीवाल्याने उगाच आपला खिसा चाचपला. “गेल्या वसंतात पोरीने माझ्या घेतल्या.”

गाणं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकेकाने तोंडावर पाणी मारलं, नाक शिंकरलं, आणि “चला, आता ‘पेटव’ येईल,” म्हणत सगळे बाहेर पडले. मुतारी पूर्ण मोकळी झाली आणि तेवढ्यात लाइलला आठवलं, ‘पेटव गाडी’ बेसनेच सुरू होतं. तो तसाच पळत सुटला.

स्टेजवर डुवेन लोकांना काहीतरी जुना विनोद सांगत वेळ काढत होता. त्याने माइकवर हात ठेवला.

“झाली का?”

“कसली होतेय!”

“बरं, मग उद्यापासून काढायचं ना ते?”

लाइलने बेस गळ्यात अडकवला. समोर म्हातारे एकेक करून जागेवर परतत होते. बियाण्याच्या टोपीवाला धापा टाकत बायकोशेजारी टेकला. ती काळजीने त्याची पाठ चोळायला लागली.

“राहू दे,” लाइल म्हणाला. “फक्त सुरू करायच्या आधी जरा जास्त बडबड करत जा. बिचाऱ्यांना तिथवर पोचायला वेळ लागतो रे.”