पट्ट्याचा सांधा

“माझं गाणं तूच घालवलंस, बाबा,” पोरीने शाळेच्या जिन्यात तिसऱ्यांदा ऐकवलं, आणि शिंप्याने तिसऱ्यांदा मान खाली घातली.

गाण्याच्या वर्गाचं दार उघडंच होतं. आत तीस पोरं, मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेले आईबाप, आणि पुढे पेटीशी गाण्याच्या बाई. केस कापसासारखे पांढरे, आवाज मात्र खणखणीत.

“बटण आली!” कुणीतरी ओरडलं. शिंप्याची पोर म्हणून वर्गाने तिला ठेवलेलं हे नाव एरवी तिला आवडायचं. आज ती हसली नाही.

बाईंनी प्रत्येकाला घरातून एकेक आवाज आणायला सांगितला होता. मोबाइलमध्ये भरून नाही, कानात भरून. तो तोंडाने नाहीतर हातापायांनी काढून दाखवायचा. कुणी गळक्या नळाची ठिबक आणली, कुणी आजोबांचं घोरणं. बटणने मागच्या शनिवारी बाबाच्या शिलाई मशीनचा आवाज आणला होता. खटखट खटखट चालता चालता मध्येच श्वास अडल्यासारखी एक जागा, आणि त्या जागेत ‘टक’. एकदाच ऐकून बाई म्हणाल्या होत्या, “सगळं गाणं याच्यावर उभं करू. बाकीचे आवाज याच्या अंगाखांद्यावर खेळतील.” आज ते गाणं आईबापांसमोर पहिल्यांदा जुळवायचं होतं.

आणि परवा शिंप्याने मशीनचा पट्टा बदलला होता.

“चूक माझी आहे, बाई,” तो दारातूनच म्हणाला. “जुन्या पट्ट्याचा सांधा चाकावर आला की टक वाजायचा. अकरा वर्षं वाजत होता. ही आठवडाभर मशीनला कान लावून बसायची. मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय पोरीला. म्हणून नवा टाकला. आता मशीन अगदी लोण्यासारखी चालतेय.” ‘लोण्यासारखी’ म्हणताना त्याचा आवाज गुन्हा कबूल करत असल्यासारखा झाला.

“मग जुना पट्टा?”

“शेजाऱ्याने कुत्रं बांधायला नेला.”

वर्ग खो खो हसला. बटणच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बाई, मला आठवतच नाही आता. डोळे मिटले की नवीनच आवाज येतो. ती जागा कुठे होती, तेच कळत नाही.”

“पाचव्या खटनंतर!” एकजण म्हणाला. “हॅट, नवव्या!” दुसरा. बघता बघता वर्गाचा बाजार झाला. एवढ्या लोकांदेखत पोरीचा पचका आपण केला, या विचाराने शिंपी जिन्याकडे वळला.

“अहो भाऊ, निघालात कुठे? बसा इथे. आणि शिवा.”

“काय शिवू, बाई? मशीन घरी आहे.”

“पाय आणलेत ना घरून?”

मागच्या बाकांवर हशा पिकला. त्यातल्या निम्म्या लोकांच्या विजारी शिंप्याने आखूड करून दिलेल्या होत्या. तो लाजत खुर्चीवर टेकला. चपला काढल्या. हात कुठे ठेवावेत कळेना, तेव्हा समोरच्या बाकावर नसलेलं कापड त्याने तळव्याने सारखं केलं. मग लाकडी जमिनीवर पाय चालू लागले. टाच, चवडा. टाच, चवडा. खटखट. खटखट.

आणि एकाएकी पाय सैल पडले.

तो गोंधळून थांबला. परवापासून घरीही हेच होत होतं. लोण्यासारखी चालणारी मशीन मध्येच मंदावायची. तेल कमी पडलं असेल म्हणून त्याने दोनदा तेल घातलं होतं.

“थांबू नका,” बाई हळूच म्हणाल्या.

त्याने पुन्हा सुरुवात केली. सांधा चाकावरून जाताना धागा तुटू नये म्हणून अकरा वर्षं त्या क्षणी पाय हलका सोडायची सवय पडली होती. सांधा गेला, पायांना कुणी कळवलंच नव्हतं. खटखट, खटखट, खटखट, खटखट, खटखट, खटखट, खटखट, आणि पाय सैल.

“टक!” बटण ओरडली.

पुढच्या फेरीला सगळा वर्ग त्या जागेत उतरला. टक! मग नळ ठिबकू लागला, आजोबा घोरू लागले, पेटी त्यांच्यामागून निघाली. शिंपी घामाघूम होऊन पाय चालवत राहिला. डोळे पुसायला हात मोकळे होते, पण ते नसलेलं कापड सोडायचं त्याला सुचलं नाही.

सगळे पांगल्यावर तो बाईंपाशी गेला. पेटीवर त्यांची वही उघडी होती. मागच्या शनिवारची तारीख, खाली पेन्सिलीने सुवाच्य लिहिलेलं: ‘सात वेळा खटखट, जागा, टक.’

त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“सांगणारच होते तिला. पण तुम्ही जिन्याकडे वळलात.”

त्याने पेटीशेजारची त्यांची कापडी पिशवी उचलून उलटीसुलटी केली.

“बंद उसवलाय हिचा,” तो म्हणाला. “द्या इकडे.”

“अहो, आत माझा चष्मा आहे!”

“मग चष्मा काढा.”

संध्याकाळी तो पिशवीचा बंद शिवायला बसला. नवा पट्टा गुळगुळीत फिरत होता. त्याने आज तेलाची कुपी फडताळातून काढलीच नाही. सातव्या खटखटीनंतर पाय आपणहून सैल पडले, आणि जमिनीवर पालथी पडून गृहपाठ करणाऱ्या बटणने वहीतून मान वर न काढता म्हटलं, “टक.”