पहिला कोफ्ता

सकाळी माझ्या चार वर्षांच्या दिमयानाने हट्टच धरला, "बाबांसारखा मीपण उपास करणार!" पोर अशक्त होईल या भीतीने मी तिला बळंच दूध पाजलं आणि सोबत दुकानात घेऊन गेले.

कैरोतलं आमचं कोफ्त्याचं दुकान माझा नवरा आयाद आणि त्याचा मुसलमान भागीदार हमदी मिळून चालवतात. ईस्टरआधीच्या आमच्या उपासात मांस वर्ज्य, तेव्हा चव हमदी बघतो. त्याच्या रमजानमध्ये आयाद. यंदा दोघांचे उपास एकदम आले होते, आणि संध्याकाळी मशिदीत इफ्तारची मोठी ऑर्डर पोचवायची होती.

"जिभेवर ठेव आणि थुंकून टाक की लेका," हमदी म्हणाला.

"मग तूच थुंक! दुकानात शिरलं की देवाला बाहेर उभं करायचं, होय रे?" आयाद म्हणाला.

दोघंही हसले. मग आयादने एक कोफ्ता फुंकर मारून दिमयानाच्या हातात दिला.

"कसा झालाय, बाईसाहेब?"

"मस्त! अजून एक."

थोड्याच वेळात तिचे ओठ निळे पडले. खिम्यात मिठाऐवजी मांस टिकवायची पावडर पडली होती, चिमटीपेक्षा जास्त झाली की विषच. दिसायला दोन्ही सारखीच. ऑर्डर दारातच थांबवली. तिच्या दफनाला आलेला जो तो म्हणत होता, तुमच्या लेकीने अख्खी वस्ती वाचवली.

 

आता उपासातही रोज पहिला कोफ्ता आयाद स्वतः खातो, आणि थुंकत नाही.