गुड्डीच्या वाढदिवसाची प्रार्थना

"गुड्डी कहाँ है?" सिस्टर लिसेटनी माइकवर हात ठेवून विचारलं, आणि वर्गशिक्षिका विनीता दप्तरदारनं चोरून फाटकाकडे पाहिलं.

सगळी शाळा मैदानात रांगा धरून उभी होती. देवासच्या त्या मिशन शाळेची एक रीत होती. ज्याचा वाढदिवस, त्यानं त्या दिवशी गणवेशाऐवजी रंगीत कपडे घालायचे, सकाळी पुढे येऊन सिस्टरांच्या शेजारी उभं राहायचं, आणि सगळ्या शाळेनं त्याच्यासाठी देवाकडे मागायचं. मूल ख्रिस्ती असो, जैन असो की मराठ्याचं, देव काही जात विचारून कान देत नाही, असं प्राचार्य सिस्टर लिसेट म्हणत. त्या मूळच्या केरळच्या, पण माळव्यात राहून आता पोह्यांवर शेव मागून घेण्याइतक्या इथल्या झालेल्या. आज वाढदिवस गुड्डीचा होता, आणि सिस्टरांच्या शेजारची जागा रिकामी होती.

"आती होगी, सिस्टर," विनीता म्हणाली. गुड्डी तिच्याच वर्गातली. "घर दूर है ना उनका. थोड़ी देर हो जाती है."

हे धडधडीत खोटं होतं. गुड्डीचं घर टेकरीच्या पायथ्याशी, शाळेपासून हाकेच्या अंतरावर.

खरी गोष्ट निराळी होती. गुड्डीची समज वयाच्या बरीच मागे राहिलेली. इतर शाळांनी हात वर केले, तेव्हा सिस्टरांनी तिला आपल्या जबाबदारीवर घेतलं. वर्गात पोर मोठी गोड. पडलेले खडू वेचून द्यायची, रडणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायची. पण प्रार्थनेआधी मिनिटभर डोळे मिटून गप्प उभं राहायचं असे, आणि नेमकं तेव्हाच तिला हसू फुटे. तेही साधंसुधं नाही, खदाखदा. मग शेजारची पोरं हसत, मग मागची रांग, आणि बघता बघता भक्तीचा पार विचका होई. बाकीच्या शिक्षिका विनीताकडे अशा बघत, जणू तीच हसली होती.

शेवटी दिवाळीनंतर एकदा तिनं गुड्डीच्या आईला, पार्वतीला, फाटकाशी गाठलं. पार्वतीचा नवरा खंडोजी शिंपीकाम करी. हिंदी मुलखात दोघी मराठी, म्हणून विनीता तिच्याशी मराठीतच बोले.

"घरचं माणूस समजून सांगते हं, पार्वती. प्रार्थना संपली की आणत जा हिला. पोरं फिदीफिदी करतात. उगाच लेकराचं हसं कशाला?"

"बरं झालं ताई, तुम्ही सांगितलंत," पार्वती म्हणाली होती. "परकं कोण सांगतंय?"

या कानाचं त्या कानाला कळलं नाही. सिस्टरांना विचारायची विनीताला गरजच वाटली नाही. उलट एक नाजूक काम आपण किती शहाणपणानं उरकलं, म्हणून ती स्वतःवर खूश होती. आणि तसं पाहिलं तर गुड्डीवर तिचा जीवही होता.

"तो रुकते हैं," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, धूप चढ़ रही है. बच्चे खड़े हैं. हम शुरू कर दें, उसके लिए बाद में क्लास में..."

"जिसके लिए माँगना है, उसी को छोड़कर प्रभु के सामने क्या मुँह लेकर खड़ी रहूँ, विनीता?"

सिस्टरांनी माइक बंद केला आणि हात जोडून त्या तशाच उभ्या राहिल्या. शाळाही थांबली. पोरं या पायावरून त्या पायावर होऊ लागली. पीटीचे पीयूष सर घड्याळ बघू लागले. असं आजवर कधी झालं नव्हतं.

विनीताला पुढचं सगळं दिसू लागलं. आता माय-लेकी येतील. सिस्टर मायेनंच विचारतील, देर क्यों हुई? आणि पार्वती पडली भोळी. ताईंनीच सांगितलं ना, म्हणून मोकळी होईल. एवढ्या शाळेदेखत. त्याआधी तिला गाठायलाच हवं.

"मैं देखकर आती हूँ," असं म्हणून विनीता फाटकाकडे निघाली. चालता चालता तिनं वाक्य जुळवून ठेवलं. घर लांब पडतं असं सांग, पार्वती, माझ्यासाठी एवढं कर.

फाटकाबाहेर रस्ता मोकळा होता. ती चार पावलं पुढे गेली आणि जागीच थांबली. कुंपणाच्या भिंतीला लागून, कडुनिंबाखाली, दोघी उभ्या होत्या. गुड्डीच्या अंगात बापानं शिवलेला झालरीचा पिवळा फ्रॉक होता. तिनं हात जोडले होते आणि डोळे घट्ट मिटले होते. ती हसत नव्हती.

"तुम्ही कधी आलात?" विनीतानं कसंबसं विचारलं.

"घंटेच्या आधीच, ताई. रोज इथंच थांबतो ना आम्ही," पार्वती म्हणाली. "हिला घरी दमच निघत नाही. इथून भिंतीपलीकडचं सगळं ऐकते, हात जोडते. आतला आवाज थांबला, की मग सोडते मी हिला आत."

थंडीचे सगळे दिवस विनीता भिंतीच्या त्या बाजूला डोळे मिटून उभी होती, आणि ही पोर या बाजूला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुळवून आणलेलं वाक्य ओठांशीच राहिलं.

पार्वतीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काळजीनं आवाज खाली आणला.

"पण आज काय झालंय, ताई? प्रार्थना सुरूच होत नाहीये. ती संपणार कधी, अन् आम्ही आत यायचं कधी?"