पूर्ण नाव

परीक्षेचा पहिलाच प्रश्न होता, ‘आपले पूर्ण नाव लिहा’. काळाचौकीच्या तालमीत सतरंजीवर बसलेल्या बारा बायकांपैकी अकरा जणींनी आपलं नाव लिहिलं, पुढे दोन बोटं जागा सोडली, आडनाव लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

सरकारी तपासनीस शरदचंद्र प्रधान यांनी वरचे दोनचार कागद चाळले. “मधलं नाव कुठंय?”

सुमतीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. सहा महिने त्या गिरगावातून इथं येऊन शिकवत होत्या. बाराखडी झाली, रेशनकार्ड वाचून झालं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून झाली. गावाहून आलेली पत्रं वर्गातल्या मीराबाई आता अर्ध्या चाळीला वाचून दाखवत. नवऱ्याचं नाव लिहून घ्यायचं मात्र सुमतीबाईंना सुचलंच नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं या बायका मानतात हे ठाऊक होतं. पण ते तोंडानं घेण्यापुरतं, असं त्या धरून चालल्या होत्या.

“अहो मीराबाई, हे बोलणं नाही, लिहिणं आहे.”

“बोललेलं वाऱ्यावर जातं, लिवलेलं ऱ्हातं,” मीराबाई म्हणाल्या. “तुमीच सांगितलंत ना पयल्या दिवशी?”

सुमतीबाईंचं डोकं फिरलं. “मोर्च्यात पोलिसांपुढे उभ्या राहता. भिंतीवर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहून आलात, एक काना चुकला नाही. आणि इथं दोन अक्षरं लिहायला हात कापतो?”

“लाठी आमच्या पाठीत बसते, बाई,” शेजारची राधा म्हणाली. “ह्ये त्यांच्या जिवावर.”

शरदचंद्रांनी घड्याळ बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. “दहा जणी तरी उत्तीर्ण हव्यात,” ते म्हणाले. “नाहीतर सरकारचं अनुदान बंद. म्हणजे वर्गही बंद.”

बायकांत कुजबूज झाली. मीराबाईंनी टेबलावरचे कागद उचलून आणले, आपला राधाकडे सरकवला आणि राधाचा ओढून घेतला. राधानं त्यावर ‘धोंडू’ लिहिलं, मीराबाईंनी ‘कोंडीराम’. बघता बघता सगळे कागद हातोहात फिरले आणि परत टेबलावर गेले. दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाचीच ना नव्हती. दारात कोणी परका आला की शेजारीणच पुढे होऊन नाव सांगते, ही तर रोजचीच रीत.

“ही कॉपी झाली,” शरदचंद्र म्हणाले.

“कॉपी कसली? अकरा जणींनी अकरा नावं लिहिली, कुठं न बघता. साक्षर म्हणजे आणखी काय असतं हो?” सुमतीबाई म्हणाल्या.

“ज्याचं त्यानं स्वहस्ते, असं छापलंय.” त्यांनी निकालाच्या छापील तक्त्यावर बोट ठेवलं. सुमतीबाईंना तो तक्ता टराटरा फाडावासा वाटला. छापणाऱ्यानं काळाचौकी कधी पाहिली होती कोण जाणे.

तेवढ्यात साहेबांना ढिगाच्या तळाशी एक कागद सापडला. ‘कमल गणपत घाडी’. एका हातचं, स्वच्छ. त्यांनी ताबडतोब तक्त्यावर ‘उत्तीर्ण’च्या रकान्यात एकचा आकडा घातला आणि तो कागद उंच धरला. “हे बघा. हिला जमलं. हिला काही झालं का?”

“साहेब, तो कागद राहू द्या,” सुमतीबाई घाईनं म्हणाल्या.

पण साहेब आता रंगात आले होते. “कमल कोण? उभ्या राहा बघू.”

पार दाराशी बसलेली कमल उभी राहिली. उठताना डोईवरचा पदर मागं सरकला. कपाळ मोकळं होतं.

“माझं मीच लिवलं, साहेब. जानेवारीत गोळीबारात गेले ते. आता लिवायला कसली भीती?”

शरदचंद्रांनी कागद खाली घेतला. ते तक्त्याकडेच बघत राहिले.

मीराबाई उठल्या, टेबलापाशी आल्या आणि वाकून त्यांनी तो रकाना वाचला. ‘उत्तीर्ण – १’. अक्षराला अक्षर जोडत, पण वाचला.

“आमी पन अशाच पास व्हायचं काय, साहेब?”