जादाची क्यू

अँब्युलन्ससाठी येणारे निरोप ज्या रांगेत थांबणार, ती मेसेज क्यू चारला सुरू व्हायची होती. शाल्मलीने एपीआयमार्फत, म्हणजे प्रोग्राममधूनच आज्ञा पाठवून, क्लाउडकडे क्यू मागितली. ‘विनंती स्वीकारली’ असं उत्तर आलं, पण क्यूंच्या यादीत काही दिसेना.

“सर, हो म्हणतंय, पण देत नाहीये!”

“थांब जरा,” शेजारच्या टेबलावरून पेठकर सर म्हणाले.

पाच मिनिटांनी यादीत दोन क्यू, एकाच नावाच्या! शाल्मली चक्रावली. मागितली तर एकदाच होती; की दोनदा? विचारायची लाज वाटली. तिने गुपचूप एक पुसली आणि यादी पुन्हा उघडली.

यादी कोरी होती.

पेठकर सर खुशीत वळले. “अगं, तुझी होईना म्हणून मीही एक केली होती. तुझी दिसली, तशी माझी उडवली बरं का!”