थोरल्याचा घास

"दे माय, थोरल्याले माझ्या मांडीवर दे," म्हणत आशाबाईने पदर पसरला, आणि उर्वशीचे हात पिशवीतच अडकले.

तलावात जाळं पडण्याआधी दगडातल्या माशाला मांडीवर घेऊन पहिला घास भरवायचा, ही सिंदेवाहीजवळच्या या मासेमार ढिवर वस्तीची रीत. मासा म्हणजे दगडावर उमटलेला सांगाडा, पण सगळे त्याला थोरला म्हणत, जणू घरातला मोठा मुलगाच. उर्वशी याच वस्तीची लेक. शिकून ती शहरातल्या संग्रहालयात जीवाश्म तपासायला लागली. शेपटीजवळच्या बारीक परांच्या रांगेवरून तिनेच ओळखलं, की हा बांगडा, सुरमई आणि ट्यूनाच्या कुळातला कुणी खापरपणजोबा आहे, कधीकाळच्या समुद्रातला. वस्तीत कुणी समुद्र पाहिला नव्हता. तरी तिने थोरला तपासायला संग्रहालयात न्यायला मागितला, तेव्हा त्याला सांभाळणाऱ्या आशाकाकूने एका शब्दावर दिला.

"तू आहेस ना तिथी? मंग मले घोर नाई. रोजचा घास तेवढा देत जाय." उर्वशी हसून हो म्हणाली होती.

थोरल्यामुळे तिचं नाव झालं, नोकरी पक्की झाली. परत द्यायची वेळ आली तेव्हा तिची नियत फिरली. तिने प्लास्टरची हुबेहूब प्रत ओतली, स्वतः रंगवली, कपाळावरचा हळदीचा डागसुद्धा सोडला नाही. खरा मासा काचेच्या कपाटातच राहिला. कुणाला पत्ताही लागणार नाही, असं मनाला बजावत ती इथवर आली होती.

आता सगळी वस्ती तिच्याकडे बघत होती. लटारूकाका खांद्यावर जाळं घेऊन खोळंबले होते. मान वर न करता तिने पिशवीतून प्रत काढली आणि काकूच्या मांडीवर ठेवली.

आशाबाईने ती उचलून पाहिली. तिचा चेहरा उतरला. उर्वशीला वाटलं, चोरी पकडली गेली! मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला, आणि एकदाची पकडली गेली तर बरं, असंही वाटून गेलं.

काकूने माशाच्या तोंडावरून हात फिरवला. भाताचा घास नेहमीपेक्षा मोठा केला आणि प्लास्टरच्या तोंडाला लावला. तिचे डोळे भरून आले होते.

"किती हलकं झालं वो माझं लेकरू," ती म्हणाली. मग उर्वशीकडे वळली. "याले कोणी जेवाले नाई घातलं काऊन? तू तं होतीस ना तिथी?"