पडता भाव

कपाटामागे सापडलेली चित्रं लिलावदाराने एकेक करून भिंतीला टेकवली आणि हिल्के खुर्चीत पुढे सरकली. तिचे वडील, शिल्पकार दाउवे पोस्टमा, यांनी कधी ब्रश हातात धरल्याचं हार्लिंगेनमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं. जन्मभर त्यांनी दगडाच्या बायका घडवल्या आणि एकीलाही चेहरा दिला नाही. चित्रांत मात्र चेहरा होता. सगळ्यांत एकच. तो आईचा, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. रोज आरशात ती जवळपास तोच बघत होती.

आई समुद्रात बुडाली, एवढंच वडिलांनी सांगितलेलं. तेव्हा हिल्के चार वर्षांची होती. आईचे फोटो त्यांनी शेगडीत घातले. मरताना घरदार नगरपालिकेला देऊन गेले आणि ती आता सगळं विकत होती. म्हणून आज लेक बापाच्याच चित्रांसाठी लिलावाला बसली होती. हट्टी माणूस, मेल्यावरही हट्टीच.

आमच्याकडे लिलाव उलटा चालतो. भाव वरून खाली उतरतो आणि जो पहिला ‘माझं’ म्हणेल त्याची वस्तू. पहिल्याच आकड्याला बोलतो तो खुळा, हे इथली पोरं दुधाच्या दातांत शिकतात.

लिलावदाराने सगळ्या चित्रांचे मिळून चार हजार युरो सांगितले. होतं नव्हतं ते धरून तेवढे हिल्केकडे होते. पण पहिल्या आकड्याला तोंड उघडायचं? गाव वर्षभर हसेल. जरा उतरू दे, मग बोलू.

“माझं,” मागून कोणीतरी म्हणालं.

हातोडा पडला. सगळ्यांच्या माना वळल्या. तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असा एक परका माणूस उभा होता. लोक फिदीफिदी हसले. हिल्केला रडू फुटायचं बाकी होतं.

तिने त्याला दारात गाठलं. तो चित्रांना दोरी बांधत होता. चार हजार घ्या, वर आणखी हप्त्याने देईन, असं ती म्हणाली. त्याने मानेनेच नकार दिला.

“निदान एक तरी द्या हो,” तिने दोरी धरली. “ही माझी आई आहे. माझ्याकडे तिचं काहीच नाही.”

त्याचे हात थांबले. तो तिच्या चेहऱ्याकडे बघतच राहिला.

“हिल्के?” त्याने हळूच विचारलं. “चल. आपली आई बाहेर गाडीत बसलीय. आत यायला घाबरतेय.”